चौथ्या गाण्यातल्या हसण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
ध्वनिमुद्रण नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : 'दार लोटून घ्या' या विनोदी गाण्यांच्या अल्बममधील गाणे क्र. ४ मध्ये आलेल्या हसण्यास संमतीपत्रातून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ चे त्रुटीपत्र.

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे पेटीवर विनोदी गाणी म्हणून लोकांना हसवण्याचा व्यवसाय करीत आहे. कोणतीही कंपनी पुढे न आल्याने त्याने आपला पहिला अल्बम स्वतःच काढला. घरातल्या मागच्या खोलीचा, भिंतींना गाद्या टेकवून, स्टुडिओ केला. ध्वनिमुद्रण मेव्हण्याने केले. तो रेडिओ दुरुस्त करतो.

२. आपण कळविले आहे की, गाणे क्र. ४ मध्ये एका अनोळखी स्त्रीचे हसणे ऐकू येते. तिचे संमतीपत्र जोडावे अथवा हसणे वगळून नवी प्रत द्यावी. सदर स्त्री अनोळखी नसून अर्जदाराची पत्नी आहे.

३. तथापि पत्नीस हे मान्य नाही. "तुमच्या विनोदाला मी आजवर कधी हसले आहे का?" असा तिचा सवाल असून अर्जदारास त्यावर खरे उत्तर देणे भाग पडले. सतरा वर्षांच्या संसारात तिने त्याची प्रत्येक चाल कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकली, शब्द सुधारून दिले. हसल्याची नोंद नाही. हसणे शेजारणीचे असावे, असे ती म्हणते. शेजारीण तो आठवडाभर माहेरी होती. मेव्हण्याने कान लावून सांगितले, "ही ताईच. शेवटी श्वास कसा आत ओढते बघा, शाळेत असल्यापासून!" तेव्हापासून ताईने सख्ख्या भावाशी बोलणे टाकले आहे.

४. अर्जदाराने हसणे वगळूनही पाहिले. तेच गाणे अकरा वेळा म्हटले. त्या अकरा प्रतींत तो विनोदी गायक न वाटता दाढ दुखणारा इसम वाटतो. मूळ प्रतीत मात्र, तिसऱ्या कडव्यात तो शब्द विसरून नुसतेच 'ला ला' करतो, तिथे दाराबाहेरून ते हसणे येते आणि त्यापुढे त्याचा आवाज असा मोकळा होतो, की तसा तो भरल्या सभागृहातही कधी झालेला नाही. नोंदणी न झाल्यास ही गाणी कोणीही आपली म्हणून गाईल, हे ठाऊक असूनही हसणे काढायला अर्जदाराचा हात धजत नाही. सबब, संमतीपत्राविना नोंदणी व्हावी.

५. येथवर लिहून अर्ज शुद्धलेखनासाठी पत्नीकडे दिला. तिने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पण कागद बराच वेळ परत केला नाही. मग म्हणाली, "कलम तीन चुकलंय. सातव्या गाण्यातही मीच आहे. पेटीच्या आवाजाखाली दबले."

अर्जदाराने व मेव्हण्याने गाणे क्र. ७ चार वेळा लावून ऐकले. आहे.

६. सबब, वरील विनंती रद्द समजावी. पत्नीने सुधारलेला कागद बदलावासा न वाटल्याने अर्ज नव्याने लिहिलेला नाही, याबद्दल क्षमा असावी. गाणे क्र. ७ मधील पेटी खाली घेऊन हसणे वर आणण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळावी.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
(सही)
अर्जदार
दि. १९

सोबत :
१) पत्नीचे संमतीपत्र, दोन्ही हसण्यांचे.
२) हसण्याविना अकरा प्रती. न ऐकल्या तरी चालेल.