सुनीलच्या हातातला कॅमेरा

११ मार्च, जव्हार
नवा कॅमेरा आला. सुनीलचा मित्र किरण, नाशिकला त्याचं दुकान आहे, त्याने एस्टीच्या कंडक्टरकडे दिला होता. लग्नाचा सीझनभर वापरा, पटला तर ठेवा, नाही तर परत पाठवा. सुनीलने खोकं उघडलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसला.
शूटिंग त्याचं, एडिटिंग माझं. नेहमीचीच वाटणी. त्यामुळे तुलनेचं काम माझ्याकडे. "बाकी काही बघू नकोस, मनीषा. स्टॅबिलायझर आणि कलर, एवढंच." स्टॅबिलायझर म्हणजे चालताना चित्र हलू न देणारी सोय. इथे जु. म्हणजे आमचा जुना, न. म्हणजे नवा.
संध्याकाळी बाजारपेठेतून चालत दोन्हींनी शूट केलं. न. : माणूस चालतोय असं वाटतच नाही, होडीतून गेल्यासारखं. जु. : हलतो. गेल्या वर्षी इतका हलत नव्हता. कॅमेऱ्याचंही वय होत असेल.

१५ मार्च
मोखाड्याला साखरपुडा. हॉलमध्ये जांभळे दिवे, काय सुचतं या डेकोरेशनवाल्यांना.
कलर. जु. मध्ये माणसं माणसांच्या रंगाची. सावळी सावळी, उन्हात रापलेली रापलेली. न. मध्ये सगळ्यांना राख फासल्यासारखी. नवरीच्या मावशीची मोरपंखी साडी सरळ निळी. सेटिंग बदलून पाहिलं, तर चेहरे जमले पण भात हळद घातल्यासारखा पिवळा.
स्टॅबिलायझरला मात्र मानलं. फक्त सावकाश कॅमेरा फिरवताना चित्र आधी अडकतं, मग एकदम सुटतं. कडा थोड्या कापल्या जातात.
सुनील कलरचं ऐकून घेत नाही. "ते तू करशील गं नीट."

२१ मार्च
आज घरी कोणी नव्हतं. जु. ट्रायपॉडवर लावून बघितला. दगडासारखा. काही बिघाड नाही.
मग हातात धरून अंगणात फिरले. मी, जिला धड कॅमेरा धरताही येत नाही. माझा शॉट वेडावाकडा, इकडे तिकडे गेलेला, पण ती थरथर त्यात नाही. बारीक, एकसारखी, थांबून थांबून येणारी.
म्हणजे कॅमेरा नाही.
अख्ख्या तालुक्यात म्हणतात, सुनीलदादाला स्टँड लागत नाही.

२४ मार्च
बघायचं नाही म्हटलं तरी बघितलं जातंच. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो. दाढी घरी करत नाही हल्ली, न्हाव्याकडे जातो. शर्टाचं वरचं बटण उघडंच. गरम होतं म्हणे.
"हात दुखतो का तुझा?"
"झोप नाही झाली दोन दिवस."
पुढे विचारायला हवं होतं. जेवायला वाढलं.

३ एप्रिल
जामसरचं लग्न पूर्ण न. वर केलं. सोनी नावाची नवरी, बापाची एकुलती. वरात, हळद, नाच, सुनील सगळ्यांच्या मधून उलटा चालत शूट करत होता. एक शॉट हललेला नाही. रात्री खुशीत होता, खूप दिवसांनी गुणगुणत होता.

१२ एप्रिल
सोनीची आई आणि काका आमच्या दुकानात आले व्हिडिओ बघायला. काका खूश. "पोर काय गोरी दिसते! एक नंबर." आई मात्र स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिली.
"ही माझी सोनी नाय."
काका हसले. मीही हसायला गेले, पण तिचा चेहरा बघून थांबले.
"माझ्या पोरीला धुवून काढली का कोणी? ती आता बोईसरला गेली, बाय. मला तिला बघायची हाय. हिला बघून काय करू?"
म्हटलं, दुरुस्त करून देते. दिवसभर बसले. गाल जमला तर मांडव बिघडतो, मांडव जमला तर ओठ काळे पडतात. थोडीफार सोनी आली. पूर्ण नाही आली.
सुनीलला म्हटलं, पुढची लग्नं जु. वरच करू. एवढंच. तर ओरडला. "कलर नंतर सुधारता येतो! हललेलं सुधारता येत नाही!" शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. सुनील ओरडत नाही कधी. घरीसुद्धा नाही.

१९ एप्रिल, खोडाळा
माहेरी. माझ्या काकांच्या मुलीचं लग्न काल झालं. आज लिहितेय, काल लिहिणं शक्य नव्हतं.
काय केलं ते लिहून ठेवते. सकाळी सुनील आंघोळीला गेला तेव्हा न. चा स्टॅबिलायझर मेनूत जाऊन बंद केला. कॅमेरा तोच, हात तोच, मधलं पांघरूण काढायचं. खात्री करायची होती. दुसऱ्या कुणाच्या लग्नात हे केलं नसतं, घरचं होतं म्हणून धीर झाला. घरचं होतं म्हणूनच करायला नको होतं.
हळदीच्या वेळी त्याला कळलं नाही, ट्रायपॉड होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, तो कॅमेरा हातात घेऊन पुढे गेला. मी स्पीकरपाशी उभी. त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग हाताकडे, मग परत स्क्रीनकडे. मग वळून सगळ्या गर्दीतून नेमकं माझ्याकडे.
चालत आला. "तूच धर," म्हणाला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.
काका बाजूलाच होते, म्हणून "अहो, काय झालं?" असं विचारलं मी. एरवी कॉलेजपासून 'तू'च म्हणते त्याला. तो मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला.
अंतरपाट मीच शूट केला. फ्रेममध्ये नवरदेवाचं डोकं कापलंय. अक्षता पडतात तेव्हा फोकस भटजींवर.

२० एप्रिल, जव्हार
घरी आल्यावर त्यानेच सुरुवात केली.
"तू बंद केलास?"
"हो."
"विचारायचं होतंस."
"विचारलं होतं. झोप झाली नाही म्हणालास."
मग बोलला. दिवाळीच्या आधीपासून आहे. उजव्या हातात. किरणला कॅमेरा त्यानेच मागितला, हलणारा हात झाकतो म्हणून. किरणलाही कारण सांगितलेलं नाही.
"मग मला तुलना कशाला करायला लावलीस?"
"तुझ्यासारखं कोण बघतं? तुला नाही कळलं, तर कोणालाच कळणार नाही."
म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षा नव्हतीच. मी वेडी, साड्यांचे रंग लिहीत बसले होते.
राग आला, आणि लगेच दुसरंच काहीतरी आलं. त्याच्या चुलत्यांचं बघितलंय आम्ही दोघांनी. शेवटी घास तोंडापर्यंत जात नव्हता, काकू भरवायच्या. त्यांचं नाव दोघांनीही काढलं नाही.

२७ एप्रिल
इथल्या डॉक्टरांनी तपासलं. थायरॉइडने होतं, नुसत्या ताणानेही होतं, आणखीही कारणं असतात. रक्त तपासा आणि नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.
सुनील : सीझन संपू दे.
मी : नाही.
तो : लोकांनी तारखा दिल्यात.
मी म्हटलं, तारखा आपण दोघं मिळून करू. ट्रायपॉडवर तू जु. घेऊन बस, चालता-फिरता मी न. घेते. "तू डोकी कापतेस," म्हणाला. कापते. शिकव.
हो म्हणाला नाही. पण सकाळी उठून एस्टीचं टाइमटेबल बघत होता.

७ मे
नाशिक. थायरॉइड ठीक आला आहे. आधी मला बरं वाटलं, मग लक्षात आलं की सोपं कारण गेलं.
डॉक्टर बाई तरुण आहेत, घाई करत नाहीत. चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावलं. आणि हात? हलेना! अगदी शहाण्यासारखा पडून. सुनील माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच खोटं सांगून त्याला इथे आणलंय.
बाई म्हणाल्या, दवाखान्यात असं होतं कधी कधी. त्यांना एकच कळायला हवं आहे. हात काम करताना हलतो, की नुसता मांडीवर पडलेला असतानाही हलतो? दोन्हींचे रस्ते वेगळे. कोणता रस्ता कसा, ते मी विचारलं. सुनील खिडकीबाहेर बघत होता. नुसता कामातच हलला तर फारसं घाबरण्यासारखं नाही, पडलेला असतानाही हलला तर औषधं कायमची. बाकी ते कळल्यावर बोलू म्हणाल्या.
"घरी व्हिडिओ काढून आणा. मोबाइल चालेल, पण हातात धरून काढू नका, कुठेतरी टेकवून ठेवा."
सुनील हसला. खूप दिवसांनी. "मॅडम, तेवढं आम्हाला जमेल."
येताना घाटात झोपला, डोकं माझ्या खांद्यावर. हात पिशवीखाली होता. पिशवी उचलून बघावी असं सारखं वाटत होतं. नाही उचलली.

१० मे
मोखाड्याच्या लग्नात ठरल्याप्रमाणे केलं. तो बसून, मी फिरत. लोकांनी विचारलंच. "काय दादा, वहिनीला कामाला लावलंत?" तो म्हणाला, पाठ दुखते. मी कोपर अंगाला लावून चालले, त्याने शिकवलं तसं, श्वास सोडत. दोनच डोकी कापली.
किरणचा फोन. काय ठरलं? सुनील म्हणाला, स्टॅबिलायझर उत्तम, कलर आमच्याकडच्या माणसांना चालत नाही. मग थांबून म्हणाला, अजून थोडे दिवस राहू दे.
डॉक्टरांचा व्हिडिओ अजून काढलेला नाही. आज लग्न, काल वीज नव्हती. कारणं दोघांकडेही आहेत.

१४ मे
आज काढला.
न. वर काढू म्हटलं, तोच ट्रायपॉडवर लावलेला होता. तर म्हणाला, नको, त्यात मी मी दिसत नाही. जु. लावला. मागच्या अंगणात, उन्हं उतरल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. आधी पाण्याचा ग्लास उचलला, बटण लावलं, नाव लिहिलं. ग्लासाच्या वेळी हलला, मी बघितलं. मग दुसरा भाग. हात मांडीवर, काही करायचं नाही, नुसतं बसायचं.
इतक्या वर्षांत याला समोर बसवून कधी शूट केलेलं नाही. कायम कॅमेऱ्यामागे. आमच्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा मध्येच उठून कॅमेरावाल्याला काहीतरी सांगताना दिसतो. कुठे बघायचं तेच त्याला कळेना. "लेन्सकडे बघू का?" म्हटलं, कुठेही बघ. कुंपणाकडे बघत बसला. उतरत्या उन्हात चेहरा तांबूस, कानापाशी पांढरे केस, गळ्याजवळ उन्हाने पडलेली रेघ. सगळं जसंच्या तसं.
"झालं?" त्याने विचारलं.
"थांब अजून."
"हलला का?"
आणि मला सांगता येईना. एवढा वेळ मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते. हात फ्रेममध्ये होता, खाली, मांडीवर, नीट फोकसमध्ये. मी बघितलाच नाही.
"मोठ्या स्क्रीनवर बघू," म्हटलं.
तो आत जाऊन चहा ठेवतोय. कपांचा आवाज येतोय. कार्ड अजून कॅमेऱ्यात आहे, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि मी पायरीवर बसून हे लिहितेय.