एकट्याची उत्तम झोप

ती. सौ. अक्कांना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? इकडे सगळं खुशाल आहे, एक मी सोडून.

तुमची धाकटी बहीण गेला महिनाभर पलीकडच्या खोलीत झोपतेय. भांडण नाही हो. भांडण असतं तर माफी मागून मिटवलं असतं. हे संशोधन आहे. लग्न झालेल्या कामगारांना एकट्याने झोपल्यावर झोप उत्तम लागते आणि रक्तदाबही ताब्यात राहतो, असं पेपरात आलं. हिने कात्रण फ्रीजवर चिकटवलं आणि माझ्या काळजीपोटी आपली उशी उचलली.

अक्का, ते कामगार म्हणजे आम्हीच! आमच्या बाइंडिंग खात्यात पाहणीवाल्या बाई आल्या आणि प्रत्येकाला बारा पानी फॉर्म देऊन गेल्या. नेमकी शाळेच्या पुस्तकांची घाई, कोपरापर्यंत हात खळीने माखलेले. मग फोरमननी आपला फॉर्म मोठ्यानं वाचत भरला आणि आम्ही अकरा जणांनी तोच उतरवून काढला. (शाळेतही मी असाच पास होत आलो.) 'लग्न झालंय का?' एवढं मात्र ज्यानं त्यानं आपापलं लिहिलं. फोरमन जन्माचे ब्रह्मचारी. 'शेजारी कोणी नसताना झोप कशी लागते?' ते म्हणाले, "लिहा, उत्तम." 'रक्तदाब?' "लिहा, ताब्यात." लिहिलं. इतकी एकमुखी उत्तरं कधी मिळाली नव्हती म्हणून बाई हरखून गेल्या.

आता माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. काल चाळीस शब्दकोशांना उलटी कव्हरं चढवली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, भुवया चढवल्या आणि खणातून तेच संशोधन काढून विचारलं, "वेगळे झोपता ना?" हिला खरं सांगावं, तर तू नसलीस की मला उत्तम झोप लागते, असं मी सहीनिशी लिहून दिलंय. इकडे आड, तिकडे विहीर. सव्वीस वर्षं तिनं माझं पांघरूण ओढलं. आता अख्खं पांघरूण माझं आहे आणि मला थंडी वाजते. तिच्यावाचून मला करमत नाही, अक्का.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता.क. पंधरा दिवस राहायला या. पलीकडची खोली तुम्हाला दिली की हिला इकडे यावंच लागेल.

ता.क. दुसरा: आत्ता लक्षात आलं, तुम्ही आलात तर दोघी बहिणी त्याच खोलीत गप्पा मारत झोपाल. तेव्हा कृपा करून येऊ नका. साडूभाऊंना एकटं पाठवा. त्यांच्या घोरण्याशेजारी मला झोपवण्याइतकी ही निर्दय नाही. निदान सव्वीस वर्षं तरी नव्हती.