पायडलला बांधलेलं घड्याळ

दि. ३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं, म्हणून पत्र. तू पाठवलेलं घड्याळ पोचलं. तुझी अटही पाठ झाली. घड्याळ कायम बांधायचं, नाहीतर शिवणाचं दुकान बंद करून तुझ्याकडे राहायला यायचं. धमक्या द्यायला तू माझ्याकडूनच शिकलीस, तेव्हा बोलू कुणाला?

खरं सांगते, गोळीच्या वेळी ते मनगटाला गुदगुल्या करतं, हे झकास. गोळी आता चुकत नाही. पण शर्टाची कॉलर कापायला घेतली की म्हणतं, उठा, जरा चाला. कात्री हातात असलेल्या बाईला हुकूम सोडू नये, एवढी अक्कल त्याला नाही. शिवाय माझ्या चुगल्या तुझ्या फोनवर करतं ते वेगळंच.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
आई

दि. १४ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

आई, तू तर दिवसभर चालतेस. मी डॉक्टरांना फोन दाखवला. ते म्हणाले, आई तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत. ठोके मात्र दिवसा दिसत नाहीत, पट्टा जरा घट्ट बांध. आणि भर उन्हात एवढी फिरू नकोस, छत्री घे.

बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मी ऑफिसात निवांत बसते आहे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठकी

दि. २ एप्रिल

चि. ठकीस आशीर्वाद.

कालचा तमाशा तूच घडवलास, म्हणून त्यामागची हकीकत ऐक. मी कसली उन्हात फिरते? घड्याळ हाताला असलं की कापड अडकतं. म्हणून रात्री ते हाताला आणि दिवसा मशीनच्या पायडलला. पायडल हललं की त्याला वाटतं, बाई चालली. तूही खूश, मीही खूश.

काल मशीनचा पट्टा तुटला. फोन चार्जिंगला लावून नवा पट्टा आणायला गेले. परत येते तर दाराचं लॅच तोडलेलं, खोलीत ही गर्दी, आणि शेजारचे कंपाउंडर माझ्या पलंगाखाली वाकून बघतायत. मी काय रीळ आहे, घरंगळत जायला? सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. लॅचचं तू बघ.

आई

दि. ६ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

तुला चेष्टा सुचते. घड्याळावर हालचाल नाही, तू फोन उचलेनास. मी मीटिंगमधून उठले, शेजारच्या कंपाउंडरांना फोन करून दार तोडायला सांगितलं आणि जिन्यात जाऊन बसले. तू गेलीस असंच धरून चालले होते मी, आई. पायऱ्यांवर बसून रडले, शिपायाने पाणी आणून दिलं.

आता पुरे. महिनाअखेरीस रिकाम्या बॅगा घेऊन येते आहे. सामान आवरून ठेव. मशीन विकून टाकू.

ठकी

दि. ११ एप्रिल

चि. ठकीस आशीर्वाद.

तू जिन्यात रडलीस हे वाचलं. ते माझ्यामुळे झालं. म्हणून आजपासून घड्याळ हाताला, कापड अडकलं तरी.

पण मशीन विकायचं नाही आणि मी येणार नाही. याच पायडलवर तुझे गणवेश शिवले, आता तेच मशीन विकायला सांगतेस? पडले तर माझ्या घरात पडेन.

सोबत एक खोकं आहे. त्यात तुझ्यासाठी घड्याळ आहे. कंपाउंडरांनी ते माझ्या फोनला जोडून दिलंय. तुला माझं दिसतं, तर मलाही तुझं दिसलं पाहिजे. मुकाट्याने बांध, नाहीतर माझं पुन्हा पायडलला जाईल. बोल, आहे कबूल?

आई

दि. २२ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

बांधलंस, बरं केलंस. रोज बघते आहे. तू रात्री नीट झोपत नाहीस. दिवसा खुर्ची सोडत नाहीस. मीटिंग असली की तुझं काळीज माझ्या मशीनपेक्षा जोरात धावतं. डॉक्टर खरंच बोलले होते की गं. आणि तू माझं सामान बांधायला निघालीस!

महिनाअखेरीस बॅगा जरूर आण, पण तुझे कपडे भरून आण. दुकान चालू राहील, तू रजा टाक. साहेबांना सांग, आईची तब्येत फार चांगली आहे, म्हणून जाते.

आली नाहीस तर तुझ्या दाराचं लॅच तोडायला माणसं पाठवीन. कशी पाठवतात, ते मला आता ठाऊक आहे.

वाट बघणारी,
आई