शेणाच्या गॅसवरची पहिली भाकरी

मुडबी, मंगळवार, संध्याकाळ

टाकीत शेणकाला घालून तीन आठवडे झाले, तरी गोबरगॅस पेटंना. शेजारणी हसायलत्या. आज काडी लावली आणि निळा जाळ उभा राहिला. धूर जरासुद्धा न्हाई.

धुरानं दमा उठतो म्हणून सासूबाई माझ्या लग्नाआधीपासून चुलीपाशी बसल्या न्हाईत. आज दारातून बघत राहिल्या, मग आत आल्या.

"सरक गं. भाकरी मी करते."

"कामून अत्याबाई? दम लागंल की."

"धूर कुठं हाय? सरक."

खरंच, धूर न्हाईच. मग माझ्या डोळ्यांत पाणी कशाचं आलं?

नऊ वर्षांत त्यांच्या हातची भाकरी आज पहिल्यांदा खाल्ली. माझ्या भाकरीपेक्षा पातळ, टम्म फुगलेली. जरा हेवा वाटला, पण तिसरी मागून घेतली.