सारीचे उपास

३ ऑगस्ट
साणंद, गुजरात, कंपनीची खोली. आईचा फोन. सारी आमच्या टपरीवर गड बघायला आलेल्या पोरांना पिठलं वाढता वाढता चक्कर येऊन पडली. उपास होता म्हणे. परवा बी उपासच होता की! सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी... आमची बहीण एवढी देवाची कधीपासनं झाली?

४ ऑगस्ट
सारीशी बोललो. उलट तीच विचारते, दादा जेवलास का, भाजी कसली होती. तू काय खाल्लंस विचारलं की विषय बदलते. "नाटकं बंद कर न् गिळ," म्हणालो. तिनं फोन कट केला. डोकं फिरलंय.

१० ऑगस्ट
रजा टाकून घरी, लोहगडवाडी. सारीच्या बांगड्या पार कोपरापर्यंत चढतात. शेजारची मावशी म्हणते, "आता कशी शोभती! तवा पाव्हण्यांनी जाड म्हणून नाकारली न्हवं." सारी हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?
आईला म्हणालो, बुधवारी तर उपास नसतो? "बुधवारी पोट बिघडतं तिचं." घ्या.

१२ ऑगस्ट
तळेगावला डॉक्टरबाई. म्हणाल्या, हा उपास न्हाई, आजार आहे. खायची भीती बसलीय, उपासाच्या आड लपतीय. बरी होईल, वेळ लागेल. तिच्या ताटाकडं बघू नका, त्यावर बोलू नका. कारण विचारलं, तर एकच नसतं म्हणे. लोकांचं बोलणं, स्वभाव, काळजी, सगळं मिळून. मला एकच पायजे होतं. त्याचं मुस्काट फोडलं असतं.
मग त्यांनी सारीला विचारलं, घरात कोण चिडवायचं का. तिनं बांगड्या मनगटाकडं ओढल्या. मग, "दादा ढोली म्हणायचा."
चेष्टेत म्हणायचो. आयला.

१३ ऑगस्ट
आमच्या बापाला, आबांना, समजावून घसा बसला. उपास मधेच सोडला तर देव कोपतो, हेच धरून बसलेत. वैतागून म्हणालो, मग उद्यापन करून टाका! झालं. आबा खूश. व्रत रीतसर संपणार, रविवारी वाडीला जेवण, बाया पहिला घास सारीला भरवणार. ताटाकडं बघू नका म्हणाल्या बाई, न् मी अख्खी वाडी बसवतोय तिच्यापुढं. माझं तोंड!

१४ ऑगस्ट
आबांना म्हणालो, उद्यापन नको. "मग बोललास कशाला? सांगावे गेलेत." कंपनीतनं फोन, पंधरा ऑगस्ट असला तरी उद्या हजर न्हाई तर येऊच नको.
सारी चुलीपाशी रडत होती. "माणसं नकोत दादा. तू बस निस्ता."
बसलो. गाडी गेली तर गेली. दोन ताटं, वरणभात. कुटं बघायचं कळंना, भिंतीकडं बघत जेवलो. कान मात्र तिच्या ताटाकडं.
एकदा ताट वाजलं. वळलो न्हाई.