अनंताच्या वाट्याला काही नाही, त्याचे कारण

मी, सिंधू लहानूजी निमजे, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, राहणार टिमकी, नागपूर, धंतोलीच्या दवाखान्यात, परवाच्या ऑपरेशनच्या आधी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करून घेणारी मी नव्हेच, हे अख्ख्या टिमकीला ठाऊक आहे.

१. माझे घर व बँकेतली शिल्लक मी धाकटा भाऊ अनंत याची मुलगी अनुसया हिला देते. तिला मद्रासला विमान अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. पंधरा तारखेच्या आत पोचायचे आहे, आणि तिचा बाप पाठवायला तयार नाही.

२. माझी आकडेमोडीची स्लाइडरूल व ड्रॉइंगची पेटीही तिलाच. स्लाइडरूल आता कोणी वापरत नाही. तरी ठेव वं पोरी.

३. वडिलांनी मागावर विणलेली आईची नऊवारी शेजारच्या तुळसाबाईला. तिने जन्मभर मला ‘विमानवाली’ म्हणून चिडवले, पण आजारपणात रोज डबा तिचाच आला.

४. ‘साडी मशीनमध्ये अडकेल’ म्हणून मी इंजिनियर असूनही पाच वर्षे मला विमान कारखान्यात खाली यंत्रांपाशी उतरू न देणाऱ्या बंगलोरच्या साहेबांना मी माफ केले. पूर्ण नाही, बारा आणे.

५. अनंताला काही ठेवत नाही. अनंता, आता नीट वाच.

१९७२ साली आई गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि मी बंगलोरला निघाले. दारात तू म्हणालास, “मायचं तेरावंही जड झालं का वं तुले?” बारा वर्षे झाली. आता पोरगी जाते म्हणते, तर “दुसरी सिंधू नाई पाहिजे मले घरात” म्हणतोस.

अस्थींचे गाठोडे आपण झाडाला दोन सुतांनी बांधले होते. एक सैल राहिले, सगळा भार दुसऱ्यावर आला. ते पाहून मला बंगलोरचे माझे गणित आठवले. नव्या विमानाच्या पंखाच्या सांध्याचे गणित माझे होते, आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या, म्हणजे खिळ्यांच्या, दोन ओळी सारखाच भार उचलतील असे मी धरले होते. तसे होत नाही, एक ओळ जास्त ओढली जाते. चूक माझी, अन् विमान तीन दिवसांनी उडणार होते. ट्रंक कॉल लागेना. मी गेले, सगळ्यांसमोर चूक कबूल केली, उड्डाण थांबवले. पुढे नवे पंख बसवल्यावर ते उडाले आणि वैमानिक सुखरूप उतरला. बाहेर बोलायचे नाही असे लिहून दिले होते, म्हणून गप्प राहिले. आता ते विमानही भंगारात गेले, म्हणून सांगते. तेराव्याला क्वार्टरमध्ये आईच्या नावाने पान वाढले आणि एकटीच ढसाढसा रडले रे.

वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. मला साक्षीदार म्हणून तूच हवास, म्हणून तुझ्या वाट्याला काही नाही. पटले तरच सही कर. सही केलीस म्हणजे पोरीला अडवायचे नाही. ऑपरेशनमध्ये माझे बरेवाईट झाले, तरी सुतकासाठी तिला थांबवायचे नाही.

नागपूर, ९ जुलै १९८४
सही: सिंधू लहानूजी निमजे

साक्षीदार:

१. डॉ. रवींद्र पौनीकर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. माझ्यासमोर सही केली.

२. अनंत लहानूजी निमजे. सारं वाचलं. काही झालं तरी तेरा तारखेले पोरीले मी सोता गाडीत बसवतो. पण ताई, तू घरी ये वं. मले हा कागद फाडाचा हाय.