उजव्या पंखाचा एक सेंटीमीटर

प्रिय मामा,

परवा पवईहून आलो आणि मामीला म्हटलं, माझ्या हातून मोठी चूक झालीय. ती म्हणाली, "मग ज्याच्या बाबतीत केलीस त्याला सांग." म्हणून लिहितोय. येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. उशीर झाला, हे मला कळतं.

चूक विमानाची आहे. दोन सायकलवाल्या भावांनी इंजिनावर उडवलेलं ते पहिलं विमान. काम सुटल्यावर तू बोरीवलीच्या घरात, पलंगाशेजारी, त्याची दहापट लहान प्रतिकृती करायला घेतलीस. जन्मभर गोरेगावच्या स्टुडिओत सेटची सुतारकी केलेली. उघडल्यावर मागे खोलीच नसलेले दरवाजे, प्लायवूडचे संगमरवरी खांब! "आता एक तरी वस्तू चारय बाजूंनी खरी करतलंय," म्हणालास.

मी दहावीनंतर लग्नपत्रिकांच्या टायपिंगला लागलो. एक वेलांटी चुकली तर सगळा गठ्ठा रद्दीत जातो, म्हणून मला प्रत्येक गोष्टीची शंका. तू हसायचास. "मेल्या, शंका काढूचो पगार मिळता काय रे तुका?"

मग तुझी उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, आणि विमान माझ्याकडे आलं.

मी वही केली. एका पानावर 'खात्रीचं', समोरच्या पानावर 'अंदाज'. चाकं होती का? नव्हती, खाली लाकडी घसरपट्ट्या होत्या. चालक बसायचा का? नाही, खालच्या पंखावर पालथा झोपायचा. इंटरनेटवर काही जणांनी त्याला खुर्ची दिलीय, ती नंतरच्या विमानातली! कापड रंगवलेलं? नाही, कोरं. कितीतरी दिवस असे गेले. तुला वाचून दाखवायचो. तू डोळे मिटून ऐकायचास.

एका दुपारी पंखांना पट्टी लावली. उजवीकडचे दोन्ही पंख, वरचा आणि खालचा, डावीकडच्यांपेक्षा एक सेंटीमीटर लांब. हे मी कुठेच तपासलं नाही. विमानाचे पंख सारखेच असणार, त्यात तपासायचं काय? तू नजरेने मापणारा माणूस. सेटवाल्याचं काम दिसण्यापुरतं, असं मी मनात म्हटलं. लिहायला नको वाटतं, पण म्हटलं.

तुझ्यासमोरच करवत घेतली. तू डावा हात हलवत होतास, घशातून आवाज काढत होतास.

"हो मामा, सरळ करतोय," मी म्हणालो.

मामी आतून आली. "अरे, ते काहीतरी सांगतायत."

"पाणी हवं असेल."

तिने पाणी आणलं. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी दुसरा पंख कापला.

धडधाकट होतास तेव्हाच का नाही रे सांगितलंस? माझ्या शंकांना इतकं हसलास, त्यात एक वाक्य जास्त झालं असतं का?

परवा पंखांमधल्या तारा कशा ओढायच्या ते विचारायला पवईला गेलो. तिथे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांच्या मुलीची पत्रिका मी टाइप केली होती. मोबाइलमधले फोटो त्यांनी मोठे करून पाहिले.

"बाकी झकास आहे. पण उजवा पंख जरा लांब हवा ना?"

"लांब? का, सर?"

"इंजिन मधोमध नव्हतं, उजवीकडे होतं. चालक डावीकडे. इंजिन त्याच्याहून जड, म्हणून त्या बाजूचे पंख चार इंच वाढवले."

चार इंचांचा दहावा भाग. मी तिथे पाणीही न पिता निघालो.

घरी मामीने तुझ्या पेटीतून घडी घातलेला बटर पेपर काढला. "आर्ट डायरेक्टरच्या पुस्तकातलं चित्र उतरवून आणलं होतं यांनी. दोऱ्याने मापत बसायचे." पुस्तक इंग्रजी होतं, तुला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. इंजिन जड होतं, हे तुला माहीत होतं का? मला वाटतं, नसावं. तुला एक बाजू लांब दिसली, तू ती तशीच लांब केलीस. मी एवढं वाचलं आणि तुझंच माप चुकीचं ठरवलं.

कापलेले तुकडे माझ्याकडे आहेत. मी काही फेकत नाही.

मामी म्हणते, "जाऊ दे रे. कुणाला कळणार आहे?" खरं आहे. रविवारी वर्षश्राद्धाला तुझे सेटवाले मित्र येतील. सारखे पंख बघून माना डोलावतील. वाढवले तर तेच आधी बोलतील, "बाळा मिस्त्रीचो हात शेवटाक चुकलो!"

तरी शनिवारपर्यंत टोकांचं कापड उसवून तुकडे परत जोडणार आहे. नवे पंख करणार नाही. जोड दिसेल. रविवारी जो पहिला हसेल त्याला सांगीन, मिस्त्री बरोबर होता, करवत माझी होती.

त्याने तुझं तोंड माझ्याकडे वळणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणून एक शब्द देतो, मामा. यापुढे बोलता न येणारं माणूस हात हलवायला लागलं, तर मी उत्तर देणार नाही. हातातलं खाली ठेवीन, त्याच्याजवळ जाऊन बसेन, आणि कळेपर्यंत उठणार नाही.

तुझा भाचा,
संदेश